तासभर उकळलेले पाणी

मित्रांनो, बाहेरून पत्रा, पत्र्यावर रंगवलेली लाल फुले आणि पोटात पातळ काच, असा मी एक म्हातारा थर्मास आहे. ओतलेले पाणी ऊन राखणे एवढेच माझे काम होते आणि ते मी एकवीस वर्षे इमानाने केले. त्याच पाण्याने एक मूल गेले आणि दुसरे जाता जाता राहिले. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी काही लपवले असे कोणी म्हणायला नको.

माझा जन्म चीनमधल्या एका कारखान्यातला. काचेच्या दोन बाटल्या एकीत एक बसवल्या, मधली हवा ओढून घेतली आणि आतून चांदीसारखा चकचकीत लेप दिला. एक मुलगी प्रत्येकाला नखाने टिचकी मारून बघायची. ज्याचा आवाज बसका, तो तिथल्या तिथे फोडला जायचा. माझा आवाज खणखणीत आला. मग गवतात गुंडाळून, ट्रकने घाट ओलांडून मी कारासूच्या बाजारात पोहोचलो.

तिथे रोहतोय नावाच्या बाईने मला निवडले. निवडले म्हणजे कसे, तर सकाळी माझ्यात उकळते पाणी ओतायला लावले, बाजारभर हिंडून आली आणि दुपारी बोट घालून पाहिले.

दुकानदाराने तिकडच्या रीतीने मावशीला खोला म्हणत विचारले, "खोला, थर्मास घेताय की जावई?"

"जावई वाईट निघाला तर मुलीला परत आणता येतं," रोहतोय म्हणाली. "तुझा थर्मास वाईट निघाला तर तू परत घेशील का?"

असा मी तिच्या घरी गेलो. फरगाना खोऱ्यात तोलझोर नावाचे गाव, गावाच्या टोकाला तिचे घर. अंगणात विहीर होती. ती तिच्या नवऱ्याने, होलमतने, स्वतः खणली होती आणि खणल्यावर दोन वर्षांतच तो गेला होता. विहिरीपलीकडे मेंढ्यांचा गोठा, गोठ्यापलीकडे भिंत आणि भिंतीपलीकडे नजर जाईल तिथवर कापूस. दर वसंतात त्या कापसाला पोत्यांनी पांढरे खत पडायचे. ते साखरेसारखे दिसे आणि पाण्यात साखरेसारखेच विरघळे. विहिरीचे पाणी नितळ होते. चवीला गोड होते. कोणाकडे लग्नाचा पुलाव असला की लोक आमच्याकडून पाणी भरून नेत. "होलमतने जाताना मागे गोडवा ठेवला," असे कोणी म्हटले की रोहतोय दिवसभर खूश असे.

तिचा मुलगा इलियोस रशियात इमारतींवर काम करायचा. एका हिवाळ्यात तो आला, लग्न करून बर्फ वितळायच्या आत परत गेला. मागे राहिली त्याची बायको, मुहय्यो. वरच्या डोंगरातल्या गावची, उंच, कमी बोलणारी. पहाटे उठून अंगण झाडायची, सासूला वाकून सलाम करायची आणि मला भरून जेवणाच्या दस्तरखानवर आणून ठेवायची. सासू तिला नावाने हाक मारत नसे. सुनेला म्हणतात तसे "केलिन" म्हणे. वाईट वागवत होती असे नाही. जेवायला आधी तिला वाढायची. पण रोहतोयची जीभ चाकूसारखी होती, आणि चाकू रोजच्या वापरातला होता.

ऑगस्टात मुहय्योला मुलगी झाली. नाव ओयदिन. सप्टेंबरात कापूस वेचायला घरटी एक बाई द्यायची होती. रोहतोयचे गुडघे दुखत होते, म्हणून बाळंतीणच वेचायला गेली. सकाळी अंधारात जायची, संध्याकाळी यायची. दूध आटत गेले. मग पावडरचा डबा आला आणि बाटली आली. दिवसभर ओयदिनला आजीच पाजायची. विहिरीचे पाणी उकळून माझ्यात भरायची, मनगटावर थेंब टाकून बघायची, नातीला मांडीवर घेऊन गुणगुणायची. मी तिला इतके हळुवार कधीच पाहिले नव्हते.

महिन्याभरात मुलीच्या ओठांवर राखेसारखा रंग आला. नखे पाटीच्या दगडासारखी झाली. दूध ओढता ओढता ती दमायची. गावच्या दवाखान्यातल्या परिचारिकेने छातीला नळी लावली आणि म्हणाली, हृदय कच्चे दिसतेय, शहरात न्या. कापूस संपला की नेऊ, असे ठरले. कापूस संपायच्या आधी ओयदिन संपली.

शोकाला बायका आल्या. त्यांना माझ्यातूनच चहा मिळाला. तेच पाणी. मोठ्या माणसांना त्याने काही होत नाही, मित्रांनो. कोवळ्या जिवाच्या रक्तालाच ते सोसत नाही. त्या सगळ्या बायकांसमोर रोहतोय म्हणाली, "आमच्याकडे कधी निळं मूल जन्मलं नाही. हे वरच्या गावातून आलंय."

मुहय्यो पेले भरत होती. तिने पुढचा पेला भरला.

त्या संध्याकाळी इलियोसचा फोन आला. रोहतोयने तो मोठ्या आवाजात लावला आणि सुनेसमोरच बोलली. "तुझ्या बायकोचं रक्तच काळं आहे, बाळा. मी काय करू? दिवसभर छातीशी धरून होते." पलीकडून इलियोस आईला म्हणाला, "ओयी, तिला द्या फोन." रोहतोयने फोन दिला. मुहय्योने कानाला लावला, पण तोवर तो तुटला होता. परत आला नाही.

त्यानंतर दोन वर्षे ती बाई त्या घरात कशी राहिली ते मी फडताळावरून पाहिले. कोणाच्या घरी बाळंतीण असली की मुहय्योला आत घेत नसत. शेजारची बुस्तोन-खोला तर तोंडावर सांगायची, "तू बाहेरच बस गं. तुझी नजर काही तू मुद्दाम लावत नाहीस, ते ठाऊक आहे मला." हे ती मायेने सांगायची.

मधल्या उन्हाळ्यात इलियोस येऊन गेला आणि तिसऱ्या वर्षी मार्चमध्ये मुलगा झाला. समंदर. चांगला गुटगुटीत, गुलाबी. सहाव्या दिवशी रोहतोय जुन्या चादरीच्या पट्ट्या फाडून घेऊन आली.

"छाती बांध," ती म्हणाली.

"ओयी, या वेळी दूध पुष्कळ आहे."

"पहिल्या वेळी पण होतं थोडं. ते पिऊनच गेली ती. तुझ्या दुधात काय आहे ते अल्लाला माहीत. हा माझ्या इलियोसचा मुलगा आहे, याला मी मरू देणार नाही."

"मी आई आहे त्याची."

"तिचीही होतीस."

मुहय्योने हात वर केले. सासूने पट्ट्या आवळल्या. नऊ दिवस तिचा सदरा पुढून ओला होत होता. दहाव्या दिवशी तो कोरडा राहिला.

रोहतोयने ठरवले होते की या वेळी कणभरही चूक होऊ द्यायची नाही. पहिल्या वेळी पाणी एक उकळी आणून उतरवायची, आता तासभर उकळायची. भांडे भरून ठेवलेले पाणी अर्धे व्हायचे. त्या अर्ध्या पाण्याने मला भरायची आणि बूच घट्ट लावायची. "या पाण्यात सैतानसुद्धा जगणार नाही," ती बुस्तोन-खोलाला अभिमानाने सांगायची. मी ते ऊन राखायचो. पहाटेचे पाणी दुपारीही वाफाळते असायचे, आणि त्याबद्दल माझे कौतुक व्हायचे.

पाचव्या आठवड्यात समंदरचे ओठ शिशासारखे झाले.

बुस्तोन-खोलाने दुपट्यात डोकावून पाहिले आणि जिभेने च्यक् केले. "तोच रंग," ती म्हणाली. रोहतोयने सुनेकडे पाहिले फक्त.

मुहय्यो उठली. कोणाला विचारले नाही. पिशवीत दुपटी, बाटली, पावडरचा डबा आणि मला कोंबले, मूल छातीशी धरले आणि सडकेकडे चालू लागली. त्या घरात आल्यापासून न विचारता उंबरा ओलांडायची तिची ही पहिली वेळ. रोहतोय मागून ओरडत, मग धावत, मग गुडघे धरून कण्हत आली आणि त्याच गाडीत चढली.

जिल्ह्याच्या इस्पितळात जव्लोन नावाचा तरुण डॉक्टर होता. त्याने प्राणवायूचा मुखवटा लावला. पायाच्या अंगठ्याला चिमटा लावला, त्यावर रक्तातल्या प्राणवायूचा आकडा उमटला, पंच्याऐंशी. तास झाला तरी तो हलेना.

"हृदयाला जन्मतः भोक असावं," जव्लोन म्हणाला. "घरात आधी असं मूल झालंय?"

मुहय्योने तोंड उघडायच्या आत रोहतोय म्हणाली, "हिचं झालंय. एक खाल्लंन् हिने आधीच."

वॉर्डातल्या सगळ्या आया वळून बघायला लागल्या.

तेवढ्यात ल्युत्सिया नावाची डॉक्टरीण आत आली. साठीची, तातार, आवाज घोगरा, कोणाशी गोड बोलणे तिला जमत नसे.

"मुखवटा लावायच्या आधी आकडा किती होता?" तिने विचारले.

"पंच्याऐंशी," जव्लोन म्हणाला.

"आणि आता?"

"पंच्याऐंशीच."

"धाप?"

"फारशी नाही."

"म्हणजे मूल शिशासारखं निळं, पण धापत नाही. प्राणवायू दिला तरी आकडा जागचा हलत नाही. तरी तू भोक शोधतोयस. सुई दे."

तिने मुलाच्या शिरेतून रक्त घेतले. मित्रांनो, ते रक्त लाल नव्हते. विरघळलेल्या चॉकलेटसारखे तपकिरी होते. तिने त्याचा एक थेंब पांढऱ्या कापडाच्या घडीवर टाकला. मग स्वतःच्या बोटाला सुई टोचली आणि आपला थेंब शेजारी टाकला. घडी जव्लोनच्या नाकासमोर धरून ती उभी राहिली. तिचा थेंब लाल होता. मुलाचा थेंब हवेत मिनिटभर राहिला तरी तपकिरीच राहिला.

"नुसता प्राणवायू कमी असता तर हवा लागल्यावर हे लाल झालं असतं," ती म्हणाली. "रक्तापर्यंत प्राणवायू पोहोचतो की नाही, हा प्रश्नच नाही. रक्तच तो धरायला विसरलंय. याला मेथेमोग्लोबिनेमिया म्हणतात. परीक्षेपुरतं पाठ केलं असशील."

मग ती मुहय्योकडे वळली. हिरड्यांना काही मलम लावता का? नाही. कसले औषध? नाही. औषध उलटू नये म्हणून हेही विचारले, घरात कोणा पुरुषाला वाल-शेंगा खाऊन किंवा गोळ्या घेऊन लघवी काळी झाली, अंग पिवळे पडले, असे झालेय? नाही.

"पाणी कुठलं?"

"आमच्या विहिरीचं," रोहतोय मध्येच म्हणाली. "तासभर उकळलेलं. मी स्वतः उकळते."

डॉक्टरणीने तिच्याकडे क्षणभर पाहिले. "आजपासून विहिरीचा एक थेंबही नाही. इस्पितळातलं पाणी घ्यायचं."

ज्या औषधाची गरज होती ते निळे होते. मेथिलिन ब्लू. एक परिचारिका धावत जाऊन ड्रेसिंगच्या खोलीतून निळी बाटली घेऊन आली. "हे आहे की आपल्याकडे. तोंडातल्या फोडांना लावतो ते."

"त्यात दारू आहे. ते शिरेत दिलंस तर आईला कफन शिवायला सांग," ल्युत्सिया म्हणाली. "शहरात विषबाधेच्या विभागात शिरेत द्यायच्या कुप्या आहेत. गाडी पाठव. तोवर क जीवनसत्त्व लावते. ते सावकाश काम करतं, पण रिकामं बसण्यापेक्षा बरं."

दुपारी दोन कुप्या आल्या. मुलाचे वजन चार किलो होते. किलोला एक मिलिग्रॅम, असे पुटपुटत तिने दोनदा हिशेब केला, तिसऱ्यांदा जव्लोनकडून करवून घेतला. ग्लुकोजमध्ये मिसळून ती सुई हळूहळू, घड्याळाकडे बघत, पाच मिनिटे दाबत राहिली.

मुहय्यो म्हणाली, "आधीच निळा आहे. त्यात आणखी निळं?"

"हो. बघत बस."

आकडा पंच्याऐंशीवरून घसरून सत्तरवर आला. जव्लोनचा चेहरा पांढरा पडला. डॉक्टरणीने यंत्रावर रुमाल टाकला. "निळ्या औषधाने यंत्र फसतं. ओठांकडे बघ."

सगळे ओठांकडे बघत राहिले. वीस मिनिटांनी शिशाच्या रंगाखालून कोवळा तांबूस रंग वर येऊ लागला. अर्ध्या तासात समंदर भूक लागल्यासारखा रडला. संध्याकाळी त्याचे दुपटे हिरवट-निळे भिजले, तेव्हा मुहय्यो घाबरून ते घेऊन धावली. ल्युत्सिया म्हणाली, "औषध बाहेर पडतंय. जपून ठेवायचं असेल तर ठेव." ती विनोद करत होती, हे कोणाच्या लगेच लक्षात आले नाही.

गोष्ट इथे संपली असती, मित्रांनो, तर मी ती सांगितलीही नसती.

रोहतोय दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने घरी गेली आणि परत आली, तेव्हा मी तिच्या पिशवीत काठोकाठ भरलेला होतो. इस्पितळाच्या पाण्याला औषधाचा वास येत होता. होलमतच्या विहिरीला कोणीतरी परकी बाई नावे ठेवते, हे तिला सहन झाले नव्हते. शिवाय तिच्या मते उकळलेले पाणी हे विहिरीचे पाणीच नव्हते. मुहय्यो दुपटी धुवायला खाली गेली होती. रोहतोयने नातवाला मांडीवर घेतले, माझे बूच काढले, बाटली बनवली, मनगटावर थेंब टाकून पाहिला. तो तृप्त होऊन झोपला. तिने तेव्हा आणि नंतर एकदा, असे दोनदा पाजले.

मला बोलता आले असते तर. पण थर्मासाला बोलता येत नाही. आणि खरे सांगायचे तर तेव्हा मलाही माहीत नव्हते.

दुपारपर्यंत समंदर पुन्हा शिशासारखा झाला. या वेळी तो रडतही नव्हता. मान टाकून पडला होता. ल्युत्सियाने दुसरी कुपी फोडली. त्यानंतर तिसरी नव्हती, आणि असती तरी आता आणखी देणे धोक्याचे होते, हे ती जव्लोनला सांगत होती ते सगळ्यांनी ऐकले. सुई संपल्यावर तिने आजूबाजूला पाहिले, बाटली उचलली, हुंगली आणि मग मला उचलले.

"हे कोणी आणलं?"

उत्तराची गरज नव्हती. माझे बूच रोहतोयच्या हातात होते.

पाणी तपासायची एक पट्टी मागवली गेली. डॉक्टरणीने माझ्या झाकणात पाणी ओतले आणि पट्टी बुडवली. तिचे टोक गुलाबी झाले, मग जांभळे. पट्टीच्या डबीवर रंगांचे जे चौकोन होते, त्यातल्या शेवटच्या चौकोनापेक्षाही गडद.

"नायट्रेट," ती म्हणाली. "कापसाचं खत आणि मेंढ्यांचं मूत. जमिनीतून झिरपत विहिरीत येतं. उकळून जंतू मरतात, हे मरत नाही. पाण्याची वाफ होऊन जाते, हे मागे राहतं. अर्धं पाणी आटवलं म्हणजे दुप्पट विष पाजलं. तुम्ही जितकी काळजी घेतली, बाई, तितकं जास्त पाजलं."

ती हे हळू सांगू शकली असती. बाजूला नेऊन सांगू शकली असती. ती वॉर्डाच्या मधोमध उभी राहून बोलली.

रोहतोय पलंगाच्या कडेवर बसली. ती काहीतरी मोजत असल्यासारखे तिचे ओठ हलत होते. मुहय्यो तिच्यासमोर आली. चार वर्षांत ती सासूच्या डोळ्यांत बघून कधी बोलली नव्हती.

"ओयदिनला दिवसभर कोण पाजायचं, ओयी?"

रोहतोय पलंगाची चादर सारखी करू लागली.

"मी कापसात होते. तिला कोण पाजायचं?"

"मी," रोहतोय म्हणाली.

"मोठ्याने सांगा. काल माझ्याबद्दल मोठ्याने सांगितलंत ना या सगळ्यांना."

"मी पाजायचे," रोहतोय म्हणाली, आणि पुढे वाकून तिने दोन्ही हातांनी आपले तोंड झाकले. मुहय्यो मुलाकडे वळली. तिने सासूकडे परत पाहिले नाही.

संध्याकाळी समंदरच्या ओठांना रंग आला. या वेळी कोणी आनंद केला नाही. चार दिवसांनी तो बरा होऊन घरी आला.

त्यानंतर त्या घरात मुहय्योचा शब्द चालू लागला. शाळेजवळ खोल कूपनलिकेचा नळ होता, तिथून ती रोज दोन बादल्या पाणी आणायची. इलियोस सुट्टीवर आला, त्याने विहिरीवर सिमेंटचे झाकण बसवले. झाकण बसत होते तेव्हा रोहतोय घराच्या मागे जाऊन बसली. बाटलीला हात लावायला तिला परवानगी नव्हती. तिने एकदा विचारले, "फेकणार का याला?" म्हणजे मला. मुहय्यो म्हणाली, "नाही. फडताळावर राहू दे. समोर."

आणि कोणीही पाहुणी आली, चहा झाला की मुहय्यो म्हणायची, "सांगा, ओयी."

रोहतोय सांगायची. पाणी कसे उकळले, किती उकळले, नातीचे ओठ कसे झाले, आपण सुनेला काय काय म्हणालो. एक शब्दही गाळला तर मुहय्यो थांबवायची. "आणि छाती बांधलीत ते?" मग रोहतोय तेही सांगायची. मी तिथेच फडताळावर असायचो. हे मी वर्षभर ऐकले, मित्रांनो, आणि दर वेळी मला वाटायचे की आता पुरे म्हणेल. मुहय्योने कधी पुरे म्हटले नाही.

दुसऱ्या वसंतात बुस्तोन-खोलाच्या नातसुनेचे बाळ दूध ओढताना दमू लागले. ओठांवर राखेची छटा आली. बुस्तोन-खोलाने ही गोष्ट पाच-सहा वेळा ऐकलेली होती. तिने कोणाच्या नजरेचे नाव काढले नाही. तिने आधी बाटलीतले पाणी फेकले आणि मग गाडी बोलावली. इस्पितळात पोहोचताच ती म्हणाली, "रक्त कापडावर टाकून बघा." ते बाळ दोन दिवसांत परत आले.

ती आभार मानायला मुहय्योकडे आली, तेव्हा मुहय्यो म्हणाली, "माझे कशाला मानता? सांगितलं ते ओयींनी." मग म्हणाली, "सांगताना त्यांना काय होतं, ते मी रोज बघते."

"मग सोड ना गं आता त्यांना," बुस्तोन-खोला म्हणाली.

"मला दोन वर्षं बाहेर बसवलंत, तेव्हा कोणी सोडलं होतं?"

बुस्तोन-खोलाने चहा अर्धाच ठेवला.

गेल्या हिवाळ्यात थंडीने माझ्या पोटातली काच तडकली. आता मला हलवले की मी आतून खळखळतो आणि काहीच ऊन राखत नाही. समंदर चार वर्षांचा आहे. परवा तो खेळून आला आणि रिकामा पेला आजीसमोर धरून म्हणाला, "पाणी दे." माठ तिच्या हाताशी होता. त्यात शाळेच्या नळाचे स्वच्छ पाणी होते. रोहतोयने दोन्ही हात पाठीमागे नेले.

"आईकडून घे," ती म्हणाली.

मित्रांनो, माझी एवढीच विनंती आहे. तुमच्या घरी तान्हे मूल असेल आणि घराजवळ विहीर असेल, तर पाणी तपासून घ्या. दिसायला नितळ आहे, चवीला गोड आहे, खूप उकळले आहे, यावर जाऊ नका. मुलाचे ओठ राखेसारखे दिसले तर कापूस संपायची वाट बघू नका, त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या आणि पाणी कुठले ते स्वतःहून सांगा. आणि दवाखान्याच्या वाटेवर त्याच्या आईला काही बोलू नका. बोललेले परत घेता येत नाही. रोहतोय रोज घ्यायला बघते.